तराफ्यापर्यंतचं पाणी

"ठेवलेली वस्तू जागेवर नाही, म्हणजे एक तर मी म्हातारा झालो किंवा चोरी झाली. आणि मी काही म्हातारा झालेलो नाही."

शेजारच्या तंबूतून बाबांची कुरकुर आली. शेजारच्या म्हणजे किती शेजारच्या, तर त्यांचं डोकं आणि माझी उशी यांच्यामध्ये दोन कापडं आणि वीतभर हवा. पाठोपाठ पिशवी उलटी केल्याचा आवाज, आईचं "अहो, हळू", आणि पुन्हा तेच, "उशाशी ठेवला होता. चष्म्याला पाय नसतात."

मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. बाबांचा पोहण्याचा चष्मा माझ्या पायमोज्यात होता. पायमोजा पायात नव्हता, पण पायाशीच होता.

दरवर्षी आम्ही या तळ्याकाठी तंबू ठोकतो. एका अंगाला वाळूचा किनारा, दुसऱ्या अंगाला झाडी, झाडीतून तळ्याला वळसा घालणारी पायवाट. तंबूंसाठी आखून दिलेल्या जागा, नळ, चुलीसाठी दगडी कट्टे. आणि किनाऱ्यापासून बऱ्याच आत, पाण्यात नांगरून ठेवलेला एक लाकडी तराफा. बाबा आयुष्यभर गावच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायचे. गाव त्यांना मास्तर म्हणतं. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकललंय आणि त्या सगळ्यांनी नंतर त्यांना नमस्कार केलाय. तर हे मास्तर दरवर्षी इथून पोहत तराफ्यापर्यंत जातात, वर चढतात, हात हलवतात, परत येतात. आम्ही वाळूत बसून टाळ्या वाजवायच्या. याला आमच्या घरात सुट्टी म्हणतात. आमची मुलं मोठी झाल्यावर शहाणी झाली, ती येत नाहीत. येतो आम्ही सहाजण: आईबाबा, मी आणि माझे हे, धाकटा भाऊ आणि भावजय.

तंबूचा एक नियम बाबांनी घालून दिला आहे. कापडालाही भिंत मानायची. तंबूतलं ऐकू आलं तरी ऐकलं नाही असं समजायचं. आमची दोघा भावंडांची लग्नं नवी होती तेव्हा नियम बरा होता, उगाच कशाला खोटं बोलू. आता त्याचा उपयोग एवढाच, की सगळ्यांना सगळं ऐकू जातं आणि कुणी कुणाशी काही बोलत नाही.

म्हणून मी चष्मा चोरला हे मी यांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

कारण सांगते. गेल्या वर्षी बाबा तराफ्याकडे निघाले तेव्हा हे सहज म्हणून मागोमाग पाण्यात उतरले. हे काही पट्टीचे पोहणारे नव्हेत. शीतपेट्या दुरुस्त करणारा माणूस, पाण्यापेक्षा बर्फाशी ओळख जास्त. अर्ध्या वाटेत बाबांचे हात वेगळेच पडायला लागले. आधी वाटलं गंमत करताहेत. मग डोकं खाली गेलं, वर आलं, परत गेलं. यांनी त्यांना गाठलं, हनुवटीखाली हात घातला आणि उलट्या अंगाने ओढत किनाऱ्याला आणलं. आम्ही चौघं वाळूत उभे. कुणाचा हात कुणाच्या हनुवटीखाली होता, ते चौघांनीही पाहिलं.

किनाऱ्याला लागल्यावर बाबा बराच वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभे होते. श्वास बसल्यावर पहिलं वाक्य काय? "जावईबापूंच्या पोटरीत गोळा आला हो. आणला ओढत."

हे ओल्या अंगाने उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि मान हलवली.

तेव्हापासून वर्षभर ती गोष्ट चालू आहे. लग्नाकार्यात, दवाखान्याच्या रांगेत, फोनवर. "हा माझा जावई. याला मी पाण्यातून काढलाय." आणि हे मान हलवतात. आधी मला यांचा राग यायचा. मग बाबांचा यायला लागला. मग वाटलं, एका माणसाचं आयुष्यभराचं मास्तरपण आणि एक मान हलवणं, सौदा काही वाईट नाही.

पण आता बाबा पुन्हा तराफ्यावर जाणार होते. हल्ली जिना चढताना ते मध्येच थांबून भिंतीवरच्या सूचना वाचतात, लिफ्टची, पाणीपट्टीची, हरवलेल्या मांजराची. त्यांना थांबवायचं तर का ते सांगावं लागणार. त्यापेक्षा चष्मा चोरणं सोपं. चष्म्याशिवाय ते पाण्यात उतरत नाहीत, डोळे चुरचुरतात. सरळ हिशेब होता.

तो सरळ हिशेब चहाबरोबर बिघडला.

"टोपीपण नाही!" बाबा तंबूतून बाहेर आले. "रबरी टोपी. चष्म्याभोवती गुंडाळून ठेवली होती."

मी कपाकडे बघत बसले. टोपी मी घेतली नव्हती. चष्म्याभोवती टोपी नव्हतीच, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी हात मारला होता.

"आणि चड्डी!" आतून आईचा आवाज आला. "निळी चड्डी दिसत नाही हो तुमची."

चष्मा घरचा चोर नेऊ शकतो. चड्डी कोण नेणार? जुनी, रंग उडालेली, नाडी दोनदा बदललेली चड्डी नेणारा माणूस काहीही नेऊ शकतो. मी उठून आधी आमच्या गाडीची किल्ली चाचपली.

"तळावर चोर आहे," मी म्हणाले. आणि सांगते, मनापासून म्हणाले.

"आहेच," भावजय लगेच म्हणाली. "मला तर कालपासूनच वाटत होतं." ती बर्फाच्या खोक्यावर बसली होती. खुर्ची रिकामी असताना.

"लोणी दे जरा," मी म्हटलं.

"लोणी संपलं, ताई."

"काल तर आख्खं होतं."

"उन्हाने वितळलं."

"बर्फात?"

ती खोक्यावर आणखी ऐसपैस बसली. माझा धाकटा भाऊ एरवी बशीत वाढण्याआधी पातेल्यात हात घालणारा. तो उभ्यानेच पाव खात होता. "बस की," म्हटलं तर म्हणाला, "बरं आहे असंच." चालतानाही बदकासारखा फेंगडा चालत होता. औषधांचं दुकान चालवतो, दिवसभर उभा असतो, पण सुट्टीत उभा राहिलेला मी त्याला जन्मात पाहिलेला नाही. आणि आई बटाटे परतत होती ते असे तेलात पोहत होते, की बाबांऐवजी त्यांनीच तराफा गाठला असता. एरवी तेलाचा थेंब हात आखडून घालणारी बाई.

हे तेवढे शांत होते. हे नेहमीच शांत असतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही निष्कर्ष काढता येत नाही.

आमच्या पलीकडच्या जागेत काल संध्याकाळी एक गृहस्थ उतरले होते. एकटा माणूस, एकट्याचा तंबू, एकच कप. गळ्यात दुर्बीण. आमचं घर गोतावळ्यातलं, एकट्या माणसाबद्दल आम्हाला आधीपासूनच संशय. त्या क्षणी ते दुर्बीण डोळ्यांना लावून तळ्याकडे बघत होते, पण दुर्बिणीची टोकं थोडी इकडे वळल्यासारखी वाटली.

"तो बघ," बाबा हळूच म्हणाले. "पाळत ठेवतोय."

"पक्षी बघत असतील," हे म्हणाले.

"जावईबापू, तुम्ही भोळे. पाण्यातही भोळे, जमिनीवरही."

यांनी बटाटा तोंडात टाकला.

बाबांनी गळ्यातली जुनी शिट्टी वाजवली. तलावावर कुणी खोल भागात गेलं की वाजवायचे तशी. मग चौकशी सुरू झाली. कोण कधी उठलं, कोण कधी नळावर गेलं, कुणी काय पाहिलं. आम्ही एकेक करून जबाब दिले आणि प्रत्येकाचा जबाब ऐकताना मला वाटत होतं, हा काहीतरी लपवतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या मनात तर भर दिवसाचा उजेड होता आणि तरी दिसत काही नव्हतं. मी एका चोरीची गुन्हेगार आणि उरलेल्या दोन चोऱ्यांची साक्षीदार. असं कायद्यात बसतं की नाही, देव जाणे.

तेवढ्यात भाऊ आणि भावजय त्यांच्या तंबूत गेले आणि कापडाआडून कुजबुज आली.

"तू पण?"

"हळू बोल. ऐकू जाईल."

"मग कुठे ठेवलीस?"

पुढचं ऐकू आलं नाही. आलं असतं तरी नियमाप्रमाणे आलं नसतं. मला आपलं वाटलं, या दोघांनी मिळून काहीतरी घाट घातलाय. माझ्या पाठीमागे, आईबाबांच्या पाठीमागे. घर विकायचा? बाबांना आपल्याकडे न्यायचा? संशयाचं असंच असतं. चड्डीवरून निघतो आणि घरादारापर्यंत पोहोचतो.

"चल, फिरून येऊ," बाबा मला म्हणाले. "डोकं थंड होईल. मग चड्डीचं बघू."

पायवाट सपाट आहे, लहान मुलंही धावतात तिच्यावरून. झाडांना नावांच्या पाट्या लावल्या आहेत. बाबा प्रत्येक पाटीपाशी थांबत होते. वाचून झाली तरी थांबत होते.

"झाडांची एवढी आवड कधीपासून लागली, बाबा?"

"ज्ञान आहे. फुकट मिळतंय, घे." त्यांचा हात झाडाच्या खोडावर होता. बोटांची नखं जरा निळसर वाटली मला. सावली असेल, मी स्वतःला म्हटलं.

पुढच्या पाटीशी ते म्हणाले, "खरं सांग. सगळे माझ्यापासून काहीतरी लपवताय ना?"

"काय लपवणार?"

"तुझा भाऊ माझ्याकडे बघत नाही. तुझी आई उगाच गोड बोलते. आणि तुझा नवरा." ते थोडे थांबले. "गेल्या वर्षापासून बघतोय, माझ्याशी नीट बोलत नाही तो. होतं असं. उपकार सहन होत नाहीत काही लोकांना."

माझ्या जिभेच्या अगदी टोकावर आलं होतं. आपल्या माणसाबद्दल असं ऐकायचं, तेही अशा माणसाच्या तोंडून, की ज्याच्या पाठकुळी बसून मी लहानपणी हे तळं पार केलं. मी पाटी वाचायला लागले. काय झाड होतं ते आता आठवत नाही.

"त्यांच्या मनात तसं काही नाही, बाबा."

"तू बायको आहेस. तू असंच म्हणणार."

वळणावरून पाण्यापलीकडे आमचे तंबू दिसतात. बाबांनी डोळ्यांवर हात धरला आणि ताठ झाले. "ते बघ! तो दुर्बीणवाला! आपल्या तंबूशी!"

खरंच ते गृहस्थ आमच्या चुलीशी वाकले होते. बाबा जवळजवळ धावत निघाले. दोन पाट्यांनंतर धावणं चालणं झालं, आणि मग ते चालणंही असं काही झालं की मी मागे राहिले, मुद्दामच, म्हणजे त्यांना माझ्यासमोर थांबावं लागू नये.

पोहोचलो तेव्हा गृहस्थ गेले होते. आई म्हणाली, "काडेपेटी मागायला आले होते."

"बहाणा! काय गेलं ते बघा."

बघितलं. बाबांची तेलाची बाटली गेली होती. पोहण्याआधी अंगाला चोळायचं तेल, तेही साधंच, पण बाटली त्यांची खास. आता बाबांना कुणी थांबवू शकत नव्हतं. ते तळाच्या रखवालदाराला घेऊन आले. रखवालदार हातात काठी नसतानाही काठी असल्यासारखा चालणारा.

"काका, पिशवी दाखवा जरा," तो गृहस्थांना म्हणाला.

"कशाबद्दल?"

"चष्मा, टोपी, तेल, आणि," रखवालदार जरा अडखळला, "चड्डी. चोरीला गेलेत."

"चड्डी?" गृहस्थांनी बाबांकडे नखशिखान्त पाहिलं. "माझ्या मापाची आहे का ती?"

मला हसू आलं असतं, पण त्यांनी पिशवी उलटी केली आणि हसू जागेवर राहिलं. चटईवर पडल्या त्या वस्तू अशा: सदरा, दोन पुस्तकं, गोळ्यांची डबी, कागदात बांधलेली उकडलेली अंडी आणि एक बायकी स्वेटर, कोपरांना विरलेला.

"हा कुणाचा?" रखवालदाराने बोटाने स्वेटर उचलला.

"बायकोचा."

"त्या कुठे आहेत?"

गृहस्थांनी स्वेटर त्याच्या हातातून घेतला आणि घडी घालायला लागले. बाह्या आत, मग मधोमध. सावकाश, नीट. आम्ही सगळे उभे राहून ती घडी बघत होतो.

"हे बघा," रखवालदार म्हणाला, "तक्रार आली आहे, तेव्हा सोक्षमोक्ष लागेपर्यंत तुम्ही तंबू उचललेला बरा."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती सुळी अशी डोळ्यांदेखत उभी राहताना बघवत नाही. मी आमच्या तंबूत गेले, पायमोजा आणला आणि सगळ्यांसमोर झटकला.

"चष्मा मी घेतला होता, बाबा."

बाबांनी चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आणि बाकीचं?"

"बाकीचं देवाशप्पथ मला माहीत नाही."

भावजय काही न बोलता बर्फाच्या खोक्याकडे गेली आणि लोण्याच्या डब्यातून टोपी काढून घेऊन आली. पिवळ्या टोपीवर पांढरं लोणी. "मला वाटलं, आम्ही दोघंच," ती मला म्हणाली.

सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. तो लाल झाला. "असं बघू नका. आत्ता काढता येणार नाही."

"म्हणजे?"

"घातली आहे. आतून. दुसरीकडे कुठेही ठेवली असती तर सापडली असती."

"अरे मूर्खा, ती फाटेल!" बाबा ओरडले.

"फाटलीच आहे."

आता आईवर सगळ्यांच्या नजरा. आई पदराने हात पुसत होती, हात कोरडे असताना. "माझ्याकडे नका बघू. तेल तुम्ही सगळ्यांनी खाल्लंय. बटाट्यांतून."

रखवालदाराने कपाळाला हात लावला, गृहस्थांना म्हणाला, "काका, बसा तुम्ही," आणि निघून गेला. बाबांची मात्र कमाल वाटली मला. ते गृहस्थांसमोर गेले आणि हात जोडले. "चूक झाली. आमच्या घरचाच मामला निघाला."

"ते सकाळीच दिसलं," गृहस्थ म्हणाले. "बदकांपेक्षा तुमच्याकडे वर्दळ जास्त."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही झडती घेतलीत."

बाबा आमच्याकडे वळले. शिट्टी त्यांच्या मुठीत होती. "चार चोर," ते म्हणाले. "पोटची दोन, एक सून, एक बायको. का? मला कुणी सांगेल का, का?"

भाऊ वाळूकडे बघत होता. भावजयीने टोपीवरचं लोणी बोटाने पुसायला घेतलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आणि तेव्हा मला कळलं, की वर्षभर आम्ही चौघं एकच भीती चार ठिकाणी लपवत होतो, प्रत्येकजण उरलेल्या तिघांपासून. बोलणं एका वाक्याचं होतं. चड्डी चोरणं त्याहून सोपं वाटलं होतं आम्हाला.

"आणि तुम्ही?" बाबांनी यांना विचारलं. "तुम्ही काय उचललंत?"

"काही नाही," हे म्हणाले.

"बघा!" बाबांचा आवाज चढला. "परका माणूस, पण हा एकटा प्रामाणिक. ज्याला मी पाण्यातून काढला तोच शेवटी माझा. तुम्हाला वाटतं चड्डी नसली की मास्तर उतरणार नाही? अरे, मी विहिरीत शिकलोय, धोतरावर!"

त्यांनी सदरा काढून आईच्या अंगावर टाकला. चष्मा माझ्या हातातून ओढला, लोणी लागलेली टोपी डोक्यावर चढवली आणि आखूड पँटवरच पाण्याकडे निघाले. उघड्या पाठीवर खांद्यांची हाडं वर आली होती. ती पाठ मी इतकी लहान कधी पाहिली नव्हती.

"बाबा!" मी हाक मारली. त्यांनी हात मागे करून झटकला. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. तराफा दूर, सपाट, कुणी नसलेला.

माझ्या शेजारी हालचाल झाली. हे शर्टाची बटणं काढत होते. वरून खाली, एकेक, घरी आंघोळीला जाताना काढतात तशी. शर्ट त्यांनी माझ्या हातात दिला, घड्याळ शर्टावर ठेवलं आणि पाण्यात उतरले.

पाणी खळबळलं तसे बाबा वळले. चष्म्याआडून त्यांनी यांना पाहिलं. "तुम्ही कशाला येताय? पोटरीत परत गोळा येईल."

यांनी मान हलवली नाही.

"पोटरीत गोळा आलाच नव्हता, बाबा," हे म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, शीतपेटीत काय बिघडलंय ते सांगावं तसं. "गेल्या वर्षी तुम्ही बुडत होतात. मी तुम्हाला काढलं."